पोकळ काजळी

अकरा गावांतून माणसांच्या थुंकीचे नमुने आले होते. त्यातल्या दहा गावांचे आकडे थोडेफार एकमेकांसारखे होते, नववं गाव तेवढं वेगळं निघालं.

डॉ. फारूख मुजावरांनी त्या गावाची चित्रं पडद्यावर लावली आणि वैजयंती साबणेला खुर्ची पुढे ओढून घ्यायला सांगितलं. पुण्यात बाणेरच्या टेकडीमागची ही प्रयोगशाळा मुजावरांनी उभी केली होती. वैजयंती तिथे दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०३७ साली आली. त्याआधीची एकोणीस वर्षं तिने चाकणच्या एका मोटार कंपनीत इंजिनांना शिस्त लावण्यात घालवली होती. कुठल्या वेगाला किती इंधन फवारायचं, किती हवा आत घ्यायची, धूर कसा आवरायचा, हे सगळं इंजिनाच्या संगणकात लिहून ठेवायचं, हे तिचं काम. मुजावर मूळचे छातीचे डॉक्टर. त्यांना फुप्फुस कळायचं, तिला इंजिन, आणि दोघांनाही आपल्याला न कळणारं दुसऱ्याला विचारायची लाज वाटत नसे, म्हणून त्यांचं जमून गेलं होतं.

मुजावरांच्या यंत्राला प्रयोगशाळेत सगळे 'ठसा' म्हणत. आपल्या फुप्फुसात काही पेशी पहारेकऱ्यांसारख्या फिरत असतात. श्वासाबरोबर आत आलेला परका कण त्या गिळून टाकतात. जंतू असला तर तो पचतो, काजळी काही पचत नाही. ती पोटात घेऊन पेशी तशीच राहते आणि एखाद्या सकाळी खाकरताना बाहेर पडते. ठसा ती पेशी उघडून तिने काय काय गिळलंय ते कण न् कण पाहायचा. लाकडाच्या धुरात पोटॅशियम असतं. गाडीच्या काजळीत इंजिन-तेलातलं कॅल्शियम आणि जस्त उतरलेलं असतं. पेट्रोलची आणि डिझेलची काजळी थरांच्या ठेवणीवरून वेगळी ओळखू येते. पूर्वी हवेत किती धूर आहे एवढंच सांगता यायचं. आता माणसाच्या छातीत कुणाचा धूर आहे, हेही सांगता येऊ लागलं होतं.

"बाकीच्या गावांत सगळ्याची मिसळ आहे," मुजावर म्हणाले. "चूल, ट्रक, वीटभट्टी, उसाचं पाचट. इथे मात्र दहातले सात कण एकाच जातीचे. आणि पोकळ आहेत बघा. शेंगेचं टरफल शाबूत असावं आणि आत दाणा नसावा, तसे. हे काय असेल?"

वैजयंतीने गावाचं नाव विचारलं. ते म्हणाले, पिंपळखिंड. घाटमाथ्यावरचं गाव आहे, पाचशेच्या आत वस्ती.

दोन दिवस द्या, शोधून सांगते, असं ती म्हणाली. ते खरं नव्हतं. चित्र पाहिल्या क्षणी तिला कळलं होतं. गावाचं नाव ऐकल्यावर तर हातातला कप तिने खाली ठेवला आणि चहा तसाच राहिला.

*

डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत एक गाळणी असते. इंजिनातून येणारी काजळी ती अडवते. तीन-चारशे किलोमीटर गाडी चालली की गाळणी तुंबायला येते, मग आत साठलेली काजळी जाळून ती मोकळी करावी लागते. त्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. शहरातल्या संथ वाहतुकीत धूर एवढा तापत नाही. म्हणून गाडीचा संगणक थोडं जास्तीचं डिझेल फवारून मुद्दाम उष्णता निर्माण करतो. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. चाचणी करणारी पोरं या जाळण्याला 'भट्टी' म्हणायची.

भट्टी पेटते तेव्हा काजळीचे कण आतून जळत जातात आणि काहींची नुसती टरफलं उरतात. गाळणीतून निसटतात ती हीच. शिवाय गाळणीत साठलेला काजळीचा थर हीच खरी बारीक चाळण असते. थर जळून गेला की पुढचे काही किलोमीटर, नवा थर बसेपर्यंत, गाळणी ढिली पडते. गाडी एरवी कितीही स्वच्छ असली, तरी ही वीसेक मिनिटं ती स्वच्छ नसते.

ही वीस मिनिटं गाडीने कुठे काढायची, हे बारा वर्षांपूर्वी वैजयंतीने ठरवलं होतं.

२०२७ च्या उन्हाळ्यात कंपनीच्या नव्या इंजिनाची चाचणी प्रत्यक्ष रस्त्यावर चालली होती. प्रयोगशाळेत जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर गाडी पळवून घेतलेले आकडे आणि रस्त्यावरचे आकडे यांत फार तफावत पडते, असं सगळ्या जगात बोललं जात होतं. म्हणून गाडीच्या डिकीत मोजणीची पेटी, तिच्या नळ्या मागच्या धुराड्याला जोडलेल्या, असा तो सरंजाम घेऊन वैजयंती पिंपळखिंडीचा घाट दिवसातून चार वेळा चढायची. गाडी चालवायला संपत चिकणे असायचा. तो त्याच गावचा. घाटाचं वळण न् वळण त्याच्या हाताला ठाऊक होतं म्हणून कंपनीने त्याला घेतलं होतं. माथ्यावर रस्त्याच्या कडेला त्याच्या बायकोची, सगुणाची, खानावळ होती. अडीच महिने वैजयंती दुपारी तिथे जेवली. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर लसणीचं तिखट. तिसऱ्या दिवसापासून सगुणाने तिला बाकावर बसूच दिलं नाही. आत स्वयंपाकघरात पाट मांडून वाढायची.

एकदा चढ अर्ध्यावर आला असताना पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत संपत म्हणाला होता, "मॅडम, चढावर गाडी आपली आपणच तापतीया. मग खाली गावात वरनं डिझेल ओतून कशाला तापवायची? भट्टी हितंच लावा की."

वैजयंतीने त्याच दुपारी वहीत आकडेमोड केली. सहा महिन्यांत तिने गाडीच्या संगणकाला रस्त्याचा नकाशा वाचायला लावला. पुढे घाट आहे असं दिसलं की गाडी शहरात भट्टी थांबवून धरायची आणि चढ लागला की पेटवायची. डिझेल वाचलं, इंजिन-तेल खराब व्हायचं थांबलं. मुख्य म्हणजे शहरातल्या रस्त्यांवरची काजळी कमी झाली, आणि तीही मोजण्याइतकी. कंपनीने तिचा सत्कार केला. तीन वर्षांत बाकीच्या कंपन्यांनीही हीच युक्ती उचलली. कायद्यालाही यात काही वावगं दिसलं नाही. कायदा सरासरी बघायचा. दर किलोमीटरला काजळी किती, एवढंच. त्यातला कुठला किलोमीटर, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या हजारो गाड्यांना पहिला मोठा चढ लागायचा तो पिंपळखिंडीचा. भट्टी चढावर पेटायची आणि विझायची ती माथ्यावर, गाव जिथे होतं तिथे.

*

दोन दिवसांनी वैजयंती मुजावरांना काही न सांगता पिंपळखिंडीला गेली. सकाळी अकराच्या सुमाराला पोहोचली. संपतने आता ड्रायव्हरकी सोडली होती, खानावळीत गल्ल्यावर बसायचा. तिला बघून तो उठून बाहेर आला. मॅडम जाड झाल्या, आपण म्हातारे झालो, असं काहीबाही हसत बोलला. मग आत हाक मारली.

सगुणा आली ती दाराच्या चौकटीला हात टेकून उभी राहिली. पन्नाशीची बाई. बोलायच्या आधी तिने दोन श्वास घेतले. मुलगी पुण्याहून फोन करते तेव्हा आपल्याला निम्मं बोलणंही पुरं करता येत नाही, पोरगी रडते, असं तिनेच नंतर सांगितलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी फुप्फुसाला घट्टे पडलेत म्हणून निदान केलं होतं आणि चूल बंद करायला बजावलं होतं.

"चूल बंद करून नऊ वर्षं झाली ताई," सगुणा म्हणाली. "गॅसवर करते सगळं. डॉक्टरला सांगितलं तर म्हणतात, खरं सांगा, चोरून पेटवता ना. ह्यांनापण वाटतं मी पेटवते."



वैजयंतीने येताना गाडीत वाक्यं जुळवली होती. ती सगळी बाजूला ठेवून तिने सरळ सांगून टाकलं. काही दिवसांपूर्वी गावातल्या तीस माणसांची थुंकी तपासायला नेली होती, त्यात सगुणाचीही होती. त्यात चुलीचा धूर नावालाही नाही. जे आहे ते गाड्यांचं आहे. थोडं पेट्रोलच्या गाड्यांचं, कारण चढावर त्यांनाही जास्तीचं पेट्रोल फवारावं लागतं. पण बहुतेक सगळं भट्टीचं आहे. ती भट्टी इथेच पेटावी असं गाड्यांना शिकवलेलं आहे.

संपतला समजायला वेळ लागला नाही. अडीच महिने त्याने तिच्या शेजारी बसून ते आकडे पाहिले होते. तो बाकावर बसला आणि म्हणाला, "मीच म्हणालो होतो."

वैजयंतीने ही गोष्ट सांगायची नाही असं ठरवून ठेवलं होतं. ती घाईघाईने म्हणाली, की तसं काही नाही, या गोष्टी कंपनीत आधीपासून चर्चेत होत्या.

"मी म्हणालो होतो, भट्टी हितंच लावा," संपत पुन्हा म्हणाला, या वेळी बायकोकडे बघून.

सगुणाने त्याच्याकडे पाहिलं, मग वैजयंतीकडे. "तुम्ही बोलला असाल," ती नवऱ्याला म्हणाली. "गाडीत बसून माणूस कायबी बोलतं. लिहिलं कुणी?"

"मी," वैजयंती म्हणाली.

सगुणाने मान हलवली. ती आत गेली. खोकल्याची एक लांब उबळ ऐकू आली आणि मग भांड्यांचा आवाज. थोड्या वेळाने सगुणाने आतून विचारलं, की हे सगळं कागदावर लिहून मिळेल का, डॉक्टरला दाखवायला. चूल पेटवत नाही एवढं तरी लिहून द्या.

त्या दिवशी वैजयंती तिथे जेवली नाही. तिला कुणी जेवायला थांब म्हणालंही नाही.

*

दुसऱ्या दिवशी तिने मुजावरांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की अहवालावर सही करशील का, कारण तिच्या सहीनंतर तिचं जुनं क्षेत्र तिला दारात उभं करणार नाही. तिने सही केली.

अहवाल निघाल्यावर वर्तमानपत्रांनी आठ दिवस तो लावून धरला. सरकारने समिती नेमली. कंपन्यांच्या वतीने बोलायला निमकर आले. हे वैजयंतीचे जुने साहेब. तिला कामाला घेतलं होतं ते त्यांनीच. निमकर वाईट माणूस नव्हते. आजही सरासरी कायद्यात बसते, हे त्यांनी आधी सांगून घेतलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, की गावाचं झालं ते झालं, आता पुढचं बघू. भट्टी कुठे पेटवायची हे शेवटी नकाशाच ठरवतो ना? तो बदलू. सगळ्या कंपन्या तयार आहेत. रात्रीतून प्रत्येक गाडीत नवा नकाशा उतरवता येईल. तो काढायला मात्र माहितगार माणूस पाहिजे.

वैजयंतीला तेव्हा खरोखर हायसं वाटलं. चुकलेलं गणित पुन्हा मांडायला मिळावं, तसं ते होतं. तीन आठवडे ती नकाशासमोर बसली. शहरं वगळली, गावं वगळली, शाळा, दवाखाने, धरणं वगळली. पिंपळखिंडीच्या पुढे पठारावर अकरा किलोमीटरचा एक पट्टा उरला. दोन्ही बाजूंना कारवीचं रान, हलका सलग चढ, आणि जनगणनेच्या नकाशात त्या चौकोनात शून्य हा आकडा. गाड्या तिथे पोहोचेपर्यंत तापलेल्याच असतील; भट्टीला जास्तीचं इंधनही फारसं लागणार नाही. समितीला तो पट्टा पटला, निमकरांना पटला. मुजावरांनी एकच विचारलं, की शून्य म्हणजे शून्यच ना. आकडा सरकारी आहे, असं तिने सांगितलं.

कायद्याने जनसुनावणी घ्यावी लागत होती. ती मार्च महिन्यात पिंपळखिंडीच्या शाळेच्या पटांगणात सकाळी दहाला ठेवली. मांडवाखाली दोनशेच्या वर माणसं बसली होती. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. वैजयंतीने नवा नकाशा समजावून सांगितला. उद्यापासून घाटमाथ्यावर भट्टी विझलेली असेल, असं ती म्हणाली तेव्हा मांडवात टाळ्या पडल्या. सरपंचांनी आभार मानले. ठराव वाचायला कागद हातात घेतला तेवढ्यात बायकांच्या बाजूने सगुणा उठली.

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती आणि थांबून थांबून बोलत होती, त्यामुळे सगळ्यांना शांत व्हावं लागलं.

"तुमच्या त्या पट्ट्यात गवळीवाडा हाय. धनगरांची एकोणीस घरं. रस्त्यावरनं दिसत न्हाईत, खाली उतरून जावं लागतं. त्यांच्या बाया रोज सकाळी माझ्याकडं दही घालतात."

अध्यक्षांनी नकाशा मागवला. नकाशात वाडी नव्हती. एका अधिकाऱ्याने सांगितलं, की ही वस्ती फिरती असावी, कायमची नसावी.

"माझ्या लग्नाआधीपासनं हाय," सगुणा म्हणाली. "शिरगणतीवाले कधी खाली उतरले न्हाईत, त्याला ती माणसं काय करणार?"

मांडवात कुजबुज वाढली. सरपंच उठून म्हणाले, की त्या लोकांचं सरकार नंतर बघेल, गावाचा ठराव आधी होऊ दे. मागून कुणीतरी ओरडलं, की खानावळवाल्या बाईने गावाच्या आड येऊ नये. संपत बायकोशेजारी जाऊन उभा राहिला.

सगुणाने दम घेतला. "माझी छाती भरली ती भरली," ती म्हणाली. "ती मोकळी व्हावी म्हणून दुसऱ्याची भरू नका. मला तसलं नको." आणि ती खाली बसली.

अध्यक्षांनी वैजयंतीकडे वळून विचारलं, की अकरा किलोमीटरांचा दुसरा एखादा पट्टा निघेल का, जिथे खरोखरच कुणी राहत नाही.

वैजयंतीपुढे तिचा नकाशा होता. दुसरा पट्टा तिच्याकडे तयार होता, तिसराही होता. दोन्हींच्या चौकोनांत शून्यच लिहिलेलं होतं. तिला कळत होतं, की आता आपण दुसरा पट्टा दाखवला तर तो मंजूर होईल, आणि तिथली सगुणा या मांडवात नाही.

"नाही," ती म्हणाली. "रस्त्यावर अशी जागा नाही. मला वाटलं होतं आहे. ज्या रस्त्याने माणसं जातात त्याच्या काठाने कुणी ना कुणी राहतंच. मी फक्त ते शोधून काढण्यात हुशार आहे, की कुणाची तक्रार येणार नाही."

निमकरांनी खाली मान घालून चष्मा पुसायला घेतला.

मग तिने जे सांगितलं ते तिच्या क्षेत्रात कुणालाही नवीन नव्हतं. गॅरेजात गाडी उभी करून भट्टी पेटवता येते, मेकॅनिक लोक तसं करतातच. मागच्या नळीला जाड नळी जोडायची, धूर मोठ्या गाळणीच्या पिंपातून न्यायचा आणि उरलेलं तिथेच अडवायचं. पेट्रोलपंपावर हे करता येईल. पेट्रोलच्या गाड्यांना भट्टी लावावी लागत नाही, पण चढावर त्यांना जास्तीचं पेट्रोल न देता वेग कमी करू द्यायचा, म्हणजे त्यांचाही हिस्सा घटेल. डिझेलवाल्याला दर आठ-पंधरा दिवसांनी पंचवीस मिनिटं थांबावं लागेल, आणि पेट्रोलवाल्याला घाट थोडा सावकाश चढावा लागेल. आजवर हे केलं नाही ते एवढ्याचसाठी, की गाडीवाल्याला थांबायला लावायचं नव्हतं.

निमकरांनी शांतपणे सांगितलं, की लोक थांबणार नाहीत. असेल तसं, असं वैजयंती म्हणाली. पण ते लोकांना विचारून ठरावं, नकाशात लपवून नव्हे.

*

समितीने पंपावरच्या भट्टीचीच शिफारस केली, पण पुढचं सगळं सावकाश झालं. कंपन्या न्यायालयात गेल्या, वाहनधारकांच्या संघटना गेल्या. वैजयंतीला चाकणहून येणारे फोन बंद झाले. जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाने लग्नात समोरासमोर आल्यावर तोंड फिरवलं. पिंपळखिंडीत दोन-तीन महिने गावकरी खानावळीकडे फिरकले नाहीत. संपत वैजयंतीशी वर्षभर बोलला नाही. मग एकदा त्यानेच फोन केला, सगुणाला पुण्याला दाखवायचंय, चांगला डॉक्टर कुठला, म्हणून. सुनावणीचा किंवा भट्टीचा विषय त्याने काढला नाही, तिनेही काढला नाही.

नियम लागू व्हायला अडीच वर्षं गेली. महामार्गावरच्या पंपांवर निळ्या नळ्या आणि उंच पिंपं दिसू लागली. वर्षभराने मुजावरांनी पिंपळखिंडीचे नमुने पुन्हा तपासले. पोकळ कण दहातले सात होते, ते दोनावर आले. गवळीवाड्यातलेही नमुने या वेळी घेतले. मुजावर स्वतः ती पायवाट उतरून गेले होते. सगुणाच्या फुप्फुसातले घट्टे मात्र होते तसेच राहिले. ते जात नसतात, फार तर वाढायचे थांबतात, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या खानावळीचं गिऱ्हाईकही रोडावलं, कारण लोक आता पायथ्याच्या पंपावर पंचवीस मिनिटं थांबायचे आणि खाऊनही तिथेच घ्यायचे. यावर सगुणा म्हणाली, की बरं झालं, एवढ्या भाकऱ्या थापायला आता दम पुरत नाही.

ऑगस्टमध्ये तपासणीसाठी सगुणाला घेऊन यायला वैजयंती निघाली होती. शिरवळच्या पुढे गाडीच्या पडद्यावर गाळणी भरल्याची खूण आली, म्हणून ती पंपावर वळली. नळी जोडून कामगार निघून गेला. शेजारच्या नळीपाशी एक गृहस्थ आपल्या गाडीभोवती येरझाऱ्या घालत होते. कोल्हापूरला मुलीच्या साखरपुड्याला निघाले होते. दर दहा दिवसांनी हा ताप, आणि पिंपात खरंच काही पडतं की नुसतं नाटक आहे कुणाला ठाऊक, असं ते तिला ऐकू जाईल असं बोलले.

वैजयंतीने त्यांना या म्हटलं आणि पिंपाच्या मागच्या बाजूला नेलं. खालची झडप उघडून तिने ताट बाहेर ओढलं. ताटात सकाळपासूनची राख साठली होती. करडी, भस्मासारखी मऊ, जेमतेम दोन मुठी. ती कशाची आहे हे तिने सांगितलं. गृहस्थांना विश्वास बसला नसावा. त्यांनी वाकून राखेला बोट लावलं. बोट वर उचललं तर त्यावर काळसर थर बसलेला होता आणि अंगठ्याने चोळल्यावर तो अंगठ्यालाही लागला.

ते बोट धरून तसेच उभे राहिले. अंगावर साखरपुड्याचा पांढरा सदरा होता. त्यांनी पिंपाच्या रंगवलेल्या पत्र्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पायाखालच्या ओल्या फरशीकडे पाहिलं.

"हे आता कुठे पुसू?" त्यांनी विचारलं.

वैजयंतीने पिशवीतून कागदी रुमाल काढून दिला. त्यांनी बोटं पुसली आणि तो चुरगळलेला रुमाल टाकायला ते इकडेतिकडे बघू लागले. तिने ताट त्यांच्यापुढे धरलं.

"यातच टाका," ती म्हणाली.